परतीचे दोर कुणी कापले?

वाचकाचे पत्र : मी माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. मतदारांनी नाकारलेला राज्यकर्ता शांतपणे बाजूला होतो, हे लोकशाहीचे वैशिष्ट्य होय, असे मी वर्गाला सांगत होते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “मग वीस-वीस वर्षे राज्य केलेले कितीतरी नेते हरल्यावरही घरी का जात नाहीत?” सत्तेची नशा असते, असे मी म्हणाले. ती लगेच म्हणाली, “मग ती सगळ्यांनाच का चढत नाही? काही जण जातातच की. आणि हरायचेच नसेल, तर निवडणूक घेतात कशाला?” मला उत्तर देता आले नाही. तिला काय सांगावे? – एक शिक्षिका

सप्रेम नमस्कार.

तुमच्या विद्यार्थिनीने दोन-तीन वाक्यांत जे विचारले, त्यावर अभ्यासकांनी कपाटे भरून लिहिले आहे. तेव्हा वर्गात उभ्याउभ्या उत्तर सुचले नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका. ‘सत्तेची नशा’ हे उत्तर खोटे नाही, पण ते फारसे कामाचेही नाही, कारण ज्याने खुर्ची सोडली आणि ज्याने सोडली नाही, त्या दोघांनाही ते सारखेच लागू पडते. झांबियाचे केनेथ कौंडा सत्तावीस वर्षे राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांतील बराच काळ त्या देशात त्यांच्या पक्षाखेरीज दुसऱ्या पक्षाला कायद्यानेच जागा नव्हती. अशा माणसाला सत्ता कमी प्रिय होती, असे कसे म्हणावे? तरीही ऑक्टोबर १९९१ मध्ये मतदारांनी सुमारे तीन-चतुर्थांश मते प्रतिस्पर्ध्याच्या पारड्यात टाकली, तेव्हा ते पराभव मान्य करून पायउतार झाले. केवळ स्वभाव हेच कारण मानले, तर कौंडा समजत नाहीत. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की मुलीला राज्यकर्त्याच्या मनात डोकवायला सांगू नका. हरल्यानंतरच्या सकाळी त्याच्या वाट्याला काय येणार आहे, ते पाहायला सांगा.

यासाठी गांबिया या पश्चिम आफ्रिकेतील छोट्या देशाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, आणि ते वर्गात सविस्तर सांगण्याजोगे आहे. तिथे जुलै १९९४ मध्ये याह्या जामे या तरुण लष्करी अधिकाऱ्याने बंड करून सत्ता घेतली आणि पुढे निवडणुकांमागून निवडणुका जिंकत ती बावीस वर्षे टिकवली. देवाची इच्छा असेल तर आपण अब्ज वर्षेही राज्य करू, असे ते एका मुलाखतीत म्हणाले होते. त्या देशात मतपत्रिका नसे. प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा डबा असे आणि मतदार त्यात काचेची गोटी टाकत असे. गोटी आत पडली की घंटा वाजे, म्हणजे कुणी दोन गोट्या टाकल्या तर बाहेर बसलेल्यांना लगेच कळे. डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत या गोट्या प्रथमच मतदान केंद्रावरच मोजल्या गेल्या, त्यामुळे निकाल वाटेत बदलणे अवघड झाले. एकत्र आलेल्या विरोधकांचे उमेदवार अदामा बॅरो विजयी झाले. आणि २ डिसेंबरला सर्वांना चकित करीत जामे यांनी दूरचित्रवाणीवर पराभव मान्य केला. बॅरो यांना दूरध्वनी करून हसत हसत शुभेच्छाही दिल्या. तो प्रसंग कॅमेऱ्यांसमोरच घडला. लोक रस्त्यांवर नाचले.

आठवडाभराने, ९ डिसेंबरला, त्याच जामे यांनी निकाल फेटाळला.

मधल्या सात दिवसांत काय घडले, हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. माझ्या मते तुमच्या विद्यार्थिनीच्या शंकेचे निम्मे उत्तर या आठवड्यातच आहे. मतमोजणीत काही दुरुस्ती झाली आणि दोघांमधले अंतर वीस हजारांच्या आत आले, हे खरे. जामे यांनी कारण म्हणून तेच पुढे केले. परंतु दुरुस्तीनंतरही विजय बॅरो यांचाच होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तुरुंगातील विरोधकांची सुटका सुरू झाली होती आणि विजयी आघाडीतील एका वरिष्ठ नेत्याने एका परदेशी वृत्तपत्राला उघडपणे सांगितले होते की जामे यांच्यावर वर्षभरात, किंबहुना त्याआधीही, खटला भरला जाईल. ज्या राज्यकर्त्याच्या काळात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, पत्रकाराचा खून झाला, परदेशी स्थलांतरितांना पकडून मारण्यात आले आणि विरोधकांना अंधारकोठडी मिळाली, त्याला त्या विधानाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. निवडणुकीच्या पाचेक आठवडेच आधी त्यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून बाहेर पडण्याची घोषणा केली होती. भीती कुठल्या दिशेची होती, ते यावरून दिसते. २ डिसेंबरला जामे निवृत्त होऊ शकत होते. ९ डिसेंबरला त्यांच्यापुढे आरोपी होण्याची वेळ उभी होती. माणूस तोच, नशाही तीच, पण हरण्याची किंमत बदलली होती.

‘परतीचे दोर कापणे’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार तुमच्या वर्गाला ठाऊक असेलच. गडावरून खाली पळून जाण्याची वाट राहिली नाही, म्हणजे लढण्यावाचून गत्यंतर उरत नाही, हा त्यातला आशय आहे. दीर्घकाळ सत्तेवर राहिलेला राज्यकर्ता हे दोर एका रात्रीत कापत नाही. तो ते वर्षावर्षाला, एकेक धागा करून कापतो. पहिल्या पाच वर्षांत तो टीकाकारांना गप्प करतो, पुढच्या पाच वर्षांत नातलगांच्या नावावर खाणी, जमिनी, बँका होतात, त्याच्या पुढच्या काळात कुणीतरी तुरुंगात मरतो. न्यायालये दुबळी करून टाकतो, आणि येथे एक गंमत अशी, की न्यायालये दुबळी केल्याचा पहिला तोटा सत्ता गेल्यावर त्यालाच होतो. कारण उद्या त्याच्यावर सूडाने खटला भरला गेला, तर त्याला न्याय देईल असा एकही स्वतंत्र न्यायाधीश त्याने शिल्लक ठेवलेला नसतो. जामे यांनी निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा त्या न्यायालयात सुनावणीसाठी पुरेसे न्यायाधीशच नव्हते. नेमणुका त्यांच्याच राजवटीत रखडल्या होत्या.

यावर कुणी म्हणेल की असे असेल तर पैसा द्यावा, मान द्यावा, म्हणजे ही माणसे जातील. हाही प्रयोग झालेला आहे. आफ्रिकेत लोकांनी निवडून दिलेल्या, उत्तम कारभार केलेल्या आणि मुदत संपताच सत्ता सोडलेल्या नेत्यासाठी मो इब्राहिम या उद्योजकाच्या प्रतिष्ठानने एक पुरस्कार ठेवला. त्याची रक्कम दहा वर्षांत पन्नास लाख डॉलर अशी ठरली होती. २००७ मध्ये तो मोझांबिकच्या जोआकिम शिसानो यांना मिळाला. त्यानंतर अनेकदा पात्र माणूसच सापडला नाही म्हणून त्या त्या वर्षी तो कुणालाही दिला गेला नाही. पुरस्कार चांगलाच आहे, पण तो ज्यांना मिळू शकतो त्यांना त्याची फारशी गरज नसते, आणि ज्यांना सत्तेवरून उतरवायचे आहे त्यांच्यापुढे ती रक्कम किरकोळ ठरते. तुरुंग टाळण्याची किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही.

आता या उत्तराचा दुसरा भाग, जो बहुधा दुर्लक्षित राहतो. आपण ‘राज्यकर्ता’ हा शब्द एकवचनात वापरतो आणि नकळत असे धरून चालतो की जायचे की नाही, हे तो एकटाच ठरवतो. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर गडावर चढलेली माणसे असतात आणि दोर त्यांचेही कापलेले असतात. झिंबाब्वेत १९८० पासून सत्तेवर असलेले रॉबर्ट मुगाबे मार्च २००८ मधील निवडणुकीच्या पहिल्या फेरीत मागे पडले. अधिकृत निकाल जाहीर करायलाच महिन्याहून अधिक काळ लागला. तो २ मे रोजी आला, तेव्हा विरोधी नेते मॉर्गन चांगिराई यांना ४७.९ टक्के आणि मुगाबे यांना ४३.२ टक्के मते असल्याचे सांगण्यात आले, म्हणजे कुणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्याने पुन्हा मतदान घेण्यापुरतीच जागा उरली. मधल्या काळात सूत्रे हलवत होते ते लष्कर, पोलीस, तुरुंग आणि गुप्तहेर खाते यांच्या प्रमुखांचे मंडळ. १९८० च्या दशकात माटाबेलेलँड भागात हजारो माणसे मारली गेली होती, शेतजमिनी वाटल्या गेल्या होत्या, आणि या सगळ्यांत त्या प्रमुखांपैकी अनेकांचे हात गुंतलेले होते. म्हातारा नेता कदाचित एखाद्या बंगल्यात निवांत राहिलाही असता. पण त्याच्या सहीने ज्यांना जमिनी आणि अभय मिळाले होते, त्यांना उद्या कोण विचारणार होते? पुढच्या आठवड्यांत विरोधकांच्या समर्थकांवर इतके हल्ले झाले की चांगिराई यांनी दुसऱ्या फेरीतून माघार घेतली आणि २७ जूनला मुगाबे लढत नसलेली लढत जिंकले. नऊ वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच लष्कराने त्र्याण्णव वर्षांच्या मुगाबे यांना घरी बसवले. त्या वेळी वारसा पत्नीकडे जाणार, अशी चिन्हे होती आणि सेनाधिकाऱ्यांना ते परवडणारे नव्हते. दोन्ही वेळा निर्णय त्या वर्तुळाचा होता.

तुमच्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न मला पहिल्याहून अधिक आवडला. हरायचे नसेल तर निवडणूक घेतात कशाला? याचे सरळ उत्तर असे, की आपण हरू असे त्यांना वाटतच नसते. ज्याच्यासमोर खरे बोलल्याने नोकरी किंवा जीव जातो, त्याला कुणीही खरे सांगत नाही. अधिकारी गोड अहवाल पाठवतात, सभेला माणसे गाड्या भरून आणली जातात, आणि ज्या गर्दीचे भाडे आपल्याच तिजोरीतून गेले, ती पाहून नेता भारावून जातो. भय जितके जास्त, तितकी बातमी कमी. सर्बियात स्लोबोदान मिलोशेविच यांची मुदत २००१ पर्यंत होती, तरीही त्यांनी घटना बदलून सप्टेंबर २००० मध्येच निवडणूक लावली आणि ते हरले. श्रीलंकेत महिंदा राजपक्षे यांनी दोन वर्षे शिल्लक असताना जानेवारी २०१५ चा मुहूर्त धरला, तेही ज्योतिषाच्या सल्ल्याने, असे तेव्हा सर्वत्र छापून आले होते. त्यांचाही पराभव झाला, मात्र त्यांनी निकाल पूर्ण होण्याआधी पहाटेच अधिकृत निवासस्थान सोडले. म्यानमारच्या लष्कराने १९९० मध्ये निवडणूक घेतली ती मते अनेक पक्षांत विखुरतील या अपेक्षेने. आंग सान सू की यांच्या पक्षाला ८० टक्के जागा मिळाल्या, आणि लष्कराने ती संसद कधी भरवलीच नाही. मग उरतो तो प्रश्न इतकाच, की निवडणूकच रद्द का करू नये? तर त्यांना शिक्का हवा असतो. कर्ज देणारे देश, आपल्याच पक्षातील महत्त्वाकांक्षी माणसे आणि बराकीतील तरुण अधिकारी या सर्वांना ‘लोक माझ्याच पाठीशी आहेत’ हे दाखवण्याचा निवडणुकीइतका स्वस्त उपाय नाही. हा उपाय त्यांच्या अंगाशी येतो, तेव्हाच आपल्याला त्याची बातमी कळते. शंभर वेळा तो बिनबोभाट पार पडतो.

हरल्यावर ‘मी हरलो, पण जाणार नाही’ असे सहसा कुणी म्हणत नाही, हेही वर्गाच्या लक्षात आणून द्या. नकार नेहमी कायद्याच्या भाषेत येतो : मोजणी थांबते, आयोगाची बैठक लांबते, आक्षेप दाखल होतात, आणि शेवटी एखादी घटनात्मक संस्था नको असलेली मते गाळून टाकते. आयव्हरी कोस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष लोराँ बाग्बो यांनी वारंवार पुढे ढकललेली निवडणूक अखेर २०१० मध्ये झाली. निवडणूक आयोगाचा प्रवक्ता निकाल वाचू लागला, तेव्हा बाग्बो यांच्या गटातील एका सदस्याने कॅमेऱ्यांसमोर त्याच्या हातातील कागद हिसकावून फाडले. आयोगाने पुढे विरोधी उमेदवार अलासान वातारा यांना ५४.१ टक्के मतांनी विजयी ठरवले. लगेच घटना परिषदेने उत्तरेकडील सात विभागांतील मते रद्द केली आणि बाग्बो यांना ५१ टक्क्यांच्या पुढे नेऊन बसवले. एका देशात दोन राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. पुढच्या चार महिन्यांत सुमारे तीन हजार माणसे मेली.

पण मग शेवटी ठरते कशावर? कागद फाडणारा हात जसा कुणाचा तरी असतो, तसाच तो फाडायला नकार देणाराही कुणीतरी असावा लागतो. हुकूम देणारा एक असतो, तो पाळणारे हजारो असतात; आणि त्या हजारांना आपण उद्या कुणाच्या राज्यात राहणार आहोत, याचा अंदाज बांधायचा असतो. चिलीत लष्करी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे यांनी आणखी आठ वर्षांसाठी ५ ऑक्टोबर १९८८ रोजी सार्वमत घेतले. सुमारे ५६ टक्के मतदारांनी ‘नको’ म्हटले. सरकार रात्री उशिरापर्यंत निकाल दाबून बसले होते. त्या रात्री लष्करी मंडळाचे सदस्य असलेले हवाई दलप्रमुख फर्नांदो मात्तेई राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात बैठकीसाठी जात असताना दारातच वार्ताहरांसमोर थांबले आणि ‘नको’चा विजय झाला आहे, हे आपल्याला पुरेसे स्पष्ट दिसते, असे सहज सांगून आत गेले. आत पिनोशे यांनी विशेषाधिकार मागितले. सहकाऱ्यांनी ते दिले नाहीत. मात्तेई यांना लोकशाहीचे योद्धे म्हणण्याचे कारण नाही, दहा वर्षे ते त्याच राजवटीचे आधारस्तंभ होते. पण विरोधकांनी मतदान केंद्रांवरून आकडे गोळा करून स्वतःची समांतर मोजणी केली होती, आकडे लपणार नव्हते, आणि बुडत्या जहाजावर किती वेळ उभे राहायचे, हे त्यांनी ओळखले.

फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत हीच गोष्ट अगदी खालच्या पायरीवर घडली. आयोगाच्या संगणकांवर आकडे भरणारी तीसेक माणसे, त्यांत बहुतेक तरुण मुली, फलकावर दिसणारे आकडे आपण भरलेल्या आकड्यांशी जुळत नाहीत, हे पाहून कामावरून उठली आणि बाहेर निघून गेली. संसदेने सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनाच विजयी घोषित केले, पण संरक्षणमंत्री आणि एक वरिष्ठ सेनाधिकारी फुटले, लाखो लोक रस्त्यावर उतरले, आणि २५ फेब्रुवारीला सकाळी शपथ घेतलेले मार्कोस त्याच रात्री देशाबाहेर गेले. आयव्हरी कोस्टमध्ये बाग्बो यांच्या सहीने पैसे द्यायला प्रादेशिक मध्यवर्ती बँकेने नकार दिला आणि काही आठवड्यांत शिपाई-कारकुनांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. गांबियाच्या सेनाप्रमुखांनी जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला जामे यांच्यावर निष्ठा जाहीर केली होती. शेजारी देशांचे सैन्य सीमेवर आले, तेव्हा दोन-तीन आठवड्यांतच आपले सैनिक असल्या लढाईत घालणार नाही, असे त्यांनीच सांगून टाकले. हे केवळ दूरच्या, नव्या लोकशाह्यांत घडते असा समज मुलांचा होऊ देऊ नका : अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्याला दूरध्वनी करून ११,७८० मते शोधा, असे सांगितले होते, तो अधिकारी त्यांच्याच पक्षाचा होता आणि त्याने ते केले नाही.

मात्र पुरावा असला की राज्यकर्ता जातोच, असे सांगून मुलीची फसवणूक करू नका. व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ च्या मतदानानंतर विरोधकांच्या प्रतिनिधींनी मतदान यंत्रांतून निघालेल्या निकालपत्रकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक पत्रके जमवून सर्वांसाठी खुली केली, आणि त्यांत त्यांच्या उमेदवाराला जवळजवळ दोन-तृतीयांश मते दिसत होती. आयोगाने केंद्रनिहाय आकडे न देताच निकोलास मादुरो यांना विजयी ठरवले. विरोधी उमेदवाराला सप्टेंबरमध्ये देश सोडावा लागला आणि मादुरो यांनी जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा शपथ घेतली. पुरावा चिलीपेक्षा भक्कम होता. पण मात्तेई नव्हता. तेथील सेनाधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे मंत्रिपदे, तेल, खाणी आणि धान्यवाटप यांच्या कारभारात वाटेकरी करून घेतले होते. दोर सर्वांचेच कापलेले होते आणि कुणीही जागचे हलले नाही.

येथे तुमची विद्यार्थिनी, ती माझ्या अंदाजाइतकी चाणाक्ष असेल तर, विचारेल की मग सगळे गुन्हे माफ करून टाकावेत काय. माझे मत सांगतो, पण ते मत आहे, हे तिला सांगा. गांबियातील त्या नेत्याचे विधान न्याय्य होते आणि अवेळी होते. सत्ता हाती येण्याआधी, सैन्य अजून जुन्याच हुकमाखाली असताना, खटल्याची तारीख जाहीर करण्यात कोणताही लाभ नव्हता. पण संपूर्ण माफीचे आश्वासनही फारसे उपयोगी पडत नाही, आणि त्याचे कारण नैतिक नसून व्यावहारिक आहे : अशा आश्वासनावर विश्वास कोण ठेवणार? पिनोशे यांनी शक्य तितकी तटबंदी करून ठेवली होती. १९७८ चा माफीचा वटहुकूम होता, १९९८ पर्यंत सेनापतिपद होते, त्यानंतर तहहयात सिनेटचे सदस्यत्व होते. तरी ऑक्टोबर १९९८ मध्ये एका स्पॅनिश न्यायाधीशाच्या मागणीवरून त्यांना लंडनमध्ये अटक झाली. मिलोशेविच यांना हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाकडे सोपवण्यास विजयी उमेदवार कोश्तुनित्सा यांचा विरोध होता. नऊ महिन्यांत सर्बियाच्या पंतप्रधानांच्या सरकारने त्यांना विमानात बसवून पाठवले. या अटका झाल्या याबद्दल मला खेद नाही, पण त्या बातम्या इतर देशांच्या प्रासादांतही वाचल्या गेल्या, हे विसरता येत नाही. कौंडा यांच्याबाबत तर हळहळच वाटते. ते निमूट गेले, आणि बदल्यात काय मिळाले? १९९६ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांना निवडणूक लढण्यास अपात्र ठरवले गेले, १९९७ च्या नाताळात अटक झाली, पुढे नागरिकत्वावरच वाद उभा केला गेला. ज्यांनी राष्ट्र उभे केले, त्यांनाच राष्ट्रहीन ठरवण्याचा तो खटाटोप होता. शहाण्या वारसदाराने असे केले नसते.

म्हणून मला त्यातल्या त्यात व्यवहार्य वाटते ते असे, की अभय माथ्याला न देता पायाला द्यावे. ज्याने हुकूम सोडले त्याच्याविषयी मौन पाळावे, पण सामान्य शिपाई, कारकून, जिल्ह्याचा अधिकारी, सरकारी बँकेचा व्यवस्थापक यांना आधीच आणि स्पष्टपणे सांगावे की तुमची नोकरी, निवृत्तिवेतन आणि घर सुरक्षित आहे. एकेका माणसाचा दोर पुन्हा बांधून दिला, की गडावर शेवटी एकटा राज्यकर्ता उरतो. जामे २१ जानेवारी २०१७ च्या रात्री देश सोडून गेले, तेव्हा त्यांच्या महागड्या मोटारी मालवाहू विमानातून मागोमाग गेल्या. ज्या इक्वेटोरियल गिनीने त्यांना आश्रय दिला, तिचे राष्ट्राध्यक्ष १९७९ पासून सत्तेवर आहेत आणि तो देश आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. गांबियात पुढे सत्यशोधन आयोगासमोर पीडितांनी उघडपणे साक्षी दिल्या आणि आयोगाने खटल्यांची शिफारस केली. न्याय लांबला, पण यादवी युद्ध टळले. हा सौदा महाग की स्वस्त, याचे उत्तर ज्यांची माणसे मारली गेली त्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

आता तुमच्या पाठातील मूळ वाक्याविषयी. ‘नाकारलेला राज्यकर्ता शांतपणे बाजूला होतो’ हे वाक्य खोडू नका, पण त्याला एक पुरवणी जोडा : हरणे परवडणारे असते, तेथे तो बाजूला होतो. आपल्याकडचे १९७७ चे उदाहरण मुलांना जवळचे वाटेल. आणीबाणीत विरोधकांना तुरुंगात टाकणाऱ्या इंदिरा गांधी यांनी निवडणूक घेतली, रायबरेलीत त्या स्वतः राजनारायण यांच्याकडून पंचावन्न हजारांवर मतांनी हरल्या, आणि निकाल लागताच त्यांनी राजीनामा दिला. त्यांना ऑक्टोबरमध्ये अटकही झाली, पण दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी मुक्त केले, आणि १९८० मध्ये त्या मतदारांच्याच बळावर परत आल्या. हरल्यावर चौकशीला तोंड द्यावे लागेल, पण न्यायालय जागेवर असेल आणि पुढची निवडणूक ठरल्या वेळी होईल, एवढी खात्री असली की माणूस घरी जाण्याचा धोका पत्करतो. ती खात्री मात्र तो सत्तेवर असतानाच टिकवावी लागते. हरल्याच्या रात्री ती कुठून आणणार?

पुढच्या तासाला तुम्ही व्याख्यान देऊ नये, असे सुचवतो. वर्गाचे पाच-सहा गट करा : एक गट हरलेला राष्ट्राध्यक्ष, एक सेनाप्रमुख, एक निवडणूक आयोगातील कारकून, एक जिंकलेला उमेदवार, एक तुरुंगातून नुकताच सुटलेला कैदी, एक शेजारी देश. तारीख २ डिसेंबर २०१६ द्या आणि सात दिवसांत प्रत्येकाने काय बोलावे, काय बोलू नये, हे त्यांनाच ठरवू द्या. कैद्याचा गट त्या मुलीकडे सोपवा. ती भूमिका सर्वांत कठीण आहे.

तुमचा स्नेहांकित,
सदरलेखक